प्रतिभेची ओळख : गणिती रामानुजन यांचे चरित्र

मागे एकदा आषाढीच्या वाटेवर, एका मुक्कामात, आम्हांस एक शेतकरी गृहस्थ भेटले. दिवसभराची चाल झालेली, पाय सुजलेले, राहुटीत सगळे टेकलेले. बोलता बोलता त्यांनी आपल्या पोराचे गाऱ्हाणे मांडले. पोरगा हिशेबात एकदम पक्का, मास्तरांच्या आधी उत्तर काढून मोकळा होतो. पण बाकीच्या विषयांकडे ढुंकून बघत नाही, आणि दर परीक्षेला कुठे ना कुठे गचकतो. त्यांचा सवाल सरळ होता. ह्याला खूळ म्हणायचे की देवाचे देणे? पोराला वठणीवर आणायचे, की त्याच्या पाठीशी उभे राहायचे?

त्या रात्री आम्हांला धड उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी चालताना मात्र एका माणसाचे चरित्र मनात घोळू लागले. तेच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. चरित्र संताचे नाही, गणित करणाऱ्याचे आहे. पण प्रतिभा म्हणतात ती काय वस्तू आहे, चार हुशार माणसांत आणि एका प्रतिभावंतात फरक काय, हे समजून घ्यायला ह्याहून चांगले चरित्र आम्हांस ठाऊक नाही.

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी तामिळ मुलखात इरोड येथे आजोळी झाला. घर कुंभकोणमचे, वैष्णव अय्यंगार ब्राह्मणांचे. वडील एका कापडाच्या दुकानात कारकून. आई कोमलताम्माळ देवळात भजने म्हणत, त्याचे थोडे पैसे संसाराला लागत. राहते घर सारंगपाणीच्या देवळासमोरच्या गल्लीत. म्हणजे पोराचे कान उघडले ते देवाच्या दारात. नामक्कलची नामगिरी ही ह्या घराण्याची देवी. मूल दोन वर्षांचे असताना त्याला देवीचा आजार झाला, तो त्यातून वाचला. लगेच पाठची भावंडे मात्र तान्हेपणीच गेली. आईचा जीव सगळा ह्या एका मुलात गुंतला.

शाळेत पोर शांत, अंगाने गुबगुबीत, डोळे तेवढे तेजस्वी. १८९७ साली प्राथमिक परीक्षेत तो जिल्ह्यात पहिला आला. तेरा वर्षांच्या सुमारास कॉलेजातल्या मुलांचे त्रिकोणमितीचे पुस्तक त्याने एकट्याने संपवले. आणि १९०३ साली, सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याच्या हाती कार नावाच्या एका इंग्रज शिकवणीवाल्याचे जाडजूड पुस्तक पडले. पुस्तक काही थोर नव्हे. परीक्षेला बसणाऱ्यांसाठी पाच हजारांच्या आसपास सूत्रे एकाखाली एक मांडलेली, सिद्धता बहुतेक ठिकाणी नाहीच, असली तर ओळभर. दुसऱ्या मुलाने ते घोकले असते. ह्या मुलाने प्रत्येक सूत्र स्वतः सोडवून पाहायला घेतले, आणि ते करता करता पुस्तकात नसलेली सूत्रे त्याला दिसू लागली.

वाचकहो, येथे घटकाभर थांबा. ते पुस्तक इंग्लंडात आणि आपल्या देशात अनेकांच्या हाती होते. ते वाचून दुसरा रामानुजन झाला नाही. पुस्तकाने प्रतिभा दिली नाही. प्रतिभेने त्या रुक्ष पुस्तकातून आपले अन्न काढून घेतले.

१९०४ साली शाळा संपली. गणिताचे बक्षीस मिळाले, कुंभकोणमच्या कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. येथवर सगळे सुरळीत. मग दैव फिरले. रामानुजनना गणितावाचून दुसरे काही सुचेना. इंग्रजीच्या तासाला गणित, इतिहासाच्या तासाला गणित. वर्ष वाया गेले, शिष्यवृत्ती गेली. फी भरायची घरची ऐपत नव्हती. १९०५ साली पोर लाजेने घर सोडून विशाखापट्टणमकडे निघून गेले. आईबापांनी शोधाशोध केली. पुढल्या वर्षी मद्रासच्या पचय्यप्पा कॉलेजात नाव घातले. तिथेही एफ.ए.च्या परीक्षेत नापास. १९०७ साली बाहेरून बसले, पुन्हा नापास. शरीरशास्त्रासारख्या विषयात गुण अगदीच थोडे. झाले, शिक्षणाचे दार कायमचे बंद.

ह्या पुढची पाच वर्षे फार हलाखीची. नोकरी नाही, पदवी नाही, कधी कधी पोटाला नाही. १९०९ साली आईने जानकी नावाच्या दहा वर्षांच्या मुलीशी लग्न लावून दिले. १९१० च्या आरंभी एक शस्त्रक्रिया करावी लागली. घरात पैसा नव्हता, एका डॉक्टराने ती फुकट केली. रामानुजन शिकवण्या करायला गेले तर मुलांच्या परीक्षेपुरते न शिकवता भलत्याच खोल पाण्यात शिरत, म्हणून शिकवण्याही टिकेनात.

पण ह्याच पाच वर्षांत त्यांचे खरे काम झाले. घराच्या ओट्यावर पाय दुमडून बसायचे, मांडीवर मोठी पाटी, हातात पेन्सिल. कागद विकत घेणे परवडत नसे. सगळी आकडेमोड पाटीवर, फडके घेऊन पुसायलाही वेळ नाही म्हणून कोपराने पुसायचे. उत्तर हाती लागले की तेवढेच वहीत उतरवायचे. कोपराला काळा घट्टा पडला होता म्हणतात. वह्यांत हजारो सूत्रे जमली, पण ती कशी आली त्याची वाट मात्र पाटीवरच पुसली गेली.

आता लोक काय म्हणतात? रामानुजनना देवी स्वप्नात येऊन सूत्रे सांगे, त्यांना काही कष्ट पडले नाहीत. देवीची गोष्ट खोटी नाही. नामगिरीच्या कृपेने हे सुचते, असे ते स्वतः म्हणत, हे त्यांच्या जवळच्या माणसांनी सांगून ठेवले आहे, आणि त्यांच्या श्रद्धेवर शंका घेण्याचे आम्हांस कारण नाही. पण त्या पाटीकडेही बघा. स्वप्नात देवी आली ती दिवसभर गणितात बुडालेल्या माणसाच्या. झोपेतही ज्याचे काम थांबत नाही, त्याच्याच झोपेत उत्तर येते. कृपा आणि कष्ट ह्या दोन वेगळ्या वाटा आहेत असे आम्ही मानीत नाही.

पदवी नसलेल्या ह्या माणसाला ओळखले कोणी? पहिले रामस्वामी अय्यर. हे डेप्युटी कलेक्टर, पण मनाने गणिती. १९०७ साली गणिताच्या अभ्यासकांची जी संस्था उभी राहिली ती त्यांनी काढलेली. त्या संस्थेचे ग्रंथालय पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात होते, हे आपल्याकडच्या वाचकांस सांगण्याजोगे. १९१० साली रामानुजन त्यांच्याकडे कचेरीत कारकुनी मागायला गेले. अय्यरांनी वह्या चाळल्या आणि कारकुनी दिली नाही. असल्या माणसाला महसुलाच्या दप्तरात गाडणे त्यांना पाप वाटले. त्यांनी मद्रासच्या मंडळींना चिठ्ठ्या दिल्या. त्यातून नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांची गाठ पडली. रावसाहेब प्रथम साशंक होते. पण तीनचार भेटींत त्यांची खात्री पटली, आणि त्यांनी पदरचे दरमहा २५ रुपये लावून दिले. १९११ साली त्या संस्थेच्या मासिकात रामानुजनांचा पहिला मोठा लेख छापून आला. दुसऱ्याच्या पैशावर फार दिवस जगणे रामानुजनना रुचेना, म्हणून १ मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. तिथले वरिष्ठ नारायण अय्यर स्वतः गणिती होते. रात्री दोघे पाट्या घेऊन बसत.

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजननी केंब्रिजच्या हार्डी नावाच्या प्राध्यापकास पत्र लिहिले. त्याआधी तिथल्या दोघा मोठ्या गणितज्ञांकडून काही साधले नव्हते. हार्डींना पत्रासोबत सूत्रांची पानेच्या पाने आली. काही ओळखीची, काही अवघड, आणि काही अशी की त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. प्रथम त्यांना ही थट्टा वाटली. संध्याकाळी ते आणि त्यांचे मित्र लिटलवुड ती पाने घेऊन बसले. रात्र सरण्याआधी दोघांचा निवाडा झाला की हे लिहिणारा पहिल्या प्रतीचा गणिती आहे. खोटी सूत्रे रचायची म्हटले तरी एवढी कल्पना कोणाजवळ असणार?

एक गोष्ट येथे झाकून ठेवू नये. त्या पत्रातले सगळेच बरोबर नव्हते. मूळ संख्यांविषयी रामानुजननी केलेले काही दावे पुढे चुकीचे ठरले. प्रतिभावंत कधी चुकत नाही ही आपली भाबडी समजूत आहे. तो चुकतो, आणि त्यालाही गुरू लागतो. सिद्धता म्हणजे काय, ती कशी बांधायची, हे रामानुजनना कोणी शिकवलेच नव्हते. ते हार्डींनी शिकवले, आणि तेही बेताने, त्यांच्या सुचण्याचा झरा आटू नये अशा जपणुकीने. शिष्याला मोडू न देता घडवणे हे गुरूचे मोठे लक्षण आहे, मग तो गुरू साहेब का असेना.

मद्रास विद्यापीठाने १९१३ साली दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एफ.ए. नापास माणसाला विद्यापीठाने संशोधक केले! विलायतेला जायचे म्हटल्यावर मात्र घरातून विरोध. समुद्र ओलांडला की जात गेली, असा तो काळ. शेवटी आईला स्वप्नात दृष्टान्त झाला, की मुलाच्या आड येऊ नकोस, आणि तिने होकार दिला. शेंडी उतरली, अंगात साहेबी कपडे आले. १७ मार्च १९१४ रोजी मद्रासहून बोट सुटली.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात पाच वर्षे गेली. १९१६ साली संशोधनावर पदवी मिळाली. ह्या काळातल्या कामाचा एकच मासला देतो. पाढे येणाऱ्या कोणालाही तो समजेल. चार पेढे घ्या. त्यांचे वाटे किती तऱ्हांनी पडतील? चारही एकत्र, तीन आणि एक, दोन आणि दोन, दोन, एक आणि एक, नाहीतर चारही सुटे. पाच तऱ्हा झाल्या. पाच पेढ्यांच्या सात होतात, दहाच्या ४२, आणि शंभराच्या १९,०५,६९,२९२. दोनशे पेढ्यांच्या तऱ्हांचा आकडा तेरा अंकी आहे. मॅकमोहन नावाच्या एका गणितज्ञाने दोनशेपर्यंतचा तक्ता हाताने आकडेमोड करून तयार केला होता. हार्डी आणि रामानुजन यांनी मिळून ह्या तऱ्हा मोजण्याचे जे सूत्र १९१८ साली प्रसिद्ध केले, त्याने तो तेरा अंकी आकडा बरोबर दिला.

पण आम्हांस सांगायचे आहे ते पुढचे. तो तक्ता मॅकमोहनच्या हातचा. हार्डींनी तो पाहिलेला. रामानुजननी तो पाहिला आणि त्यांच्या ध्यानात आले की ज्या संख्येच्या शेवटी ४ किंवा ९ येतो, तिच्या तऱ्हांना पाचाने निःशेष भाग जातो. चाराच्या ५, नवाच्या ३०, चौदाच्या १३५, एकोणिसाच्या ४९०. हे सर्वांच्या डोळ्यांपुढे होते, दिसले एकाला. नुसते दिसले नाही, ते नेहमीच तसे का होणार ह्याची सिद्धताही त्यांनी दिली.

हुशार माणूस विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चटकन देतो. प्रतिभावंताला कोणी न विचारलेला प्रश्न दिसतो. आम्हांस वाटते, फरक आहे तो इथे.

दुसरी गोष्ट बहुतेकांनी ऐकली असेल. रामानुजन लंडनजवळ पुटनी येथे आजारी होते. हार्डी भाड्याच्या मोटारीने भेटायला गेले. मोटारीचा आकडा १७२९, आणि तो काही विशेष नाही असे हार्डी सहज म्हणाले. रामानुजननी अंथरुणावरूनच सांगितले, की दोन घनांची बेरीज म्हणून दोन तऱ्हांनी मांडता येईल अशी ती सर्वांत लहान संख्या आहे. एक आणि बारा यांचे घन मिळवा, १७२९. नऊ आणि दहा यांचे घन मिळवा, पुन्हा १७२९. लोक हा चमत्कार म्हणून सांगतात. पण रामानुजनांच्या हातच्या कागदांत हेच समीकरण लिहिलेले सापडते. अशा घनांच्या मागे ते लागलेले होते. म्हणजे १७२९ त्यांना त्या क्षणी भेटला नाही, तो त्यांच्या घरोब्यातला होता. वर्षानुवर्षे वारी करणाऱ्याला वाटेवरचा कुठला आड गोड आणि कुठला मचूळ हे सांगावे लागत नाही. तसे त्यांचे संख्यांशी होते. अखंड सहवासातून आलेली ही ओळख बाहेरच्याला चमत्कार वाटते.

हार्डी देव न मानणारे. रामानुजनांच्या बुद्धीत काही गूढ आहे असे ते मानीत नसत. अफाट स्मरण, चिकाटी, आकडेमोडीची ताकद, आणि रूप ओळखण्याची विलक्षण जाण, असा त्यांचा हिशेब. रामानुजन सगळे श्रेय देवीच्या पायी वाहून मोकळे. शिष्य म्हणतो माझे काही नाही, गुरू म्हणतो सगळे ह्याचेच. अशी जोडी विरळा.

पण ह्या सगळ्याची किंमत देहाने दिली. पहिल्या महायुद्धाचे दिवस, थंडी मोठी, शाकाहारी माणूस, हाताने रांधून खायचे, भाजीपाला दुर्मीळ. कामात बुडाले की खाण्यापिण्याची शुद्ध नसे. १९१७ साली दुखण्याने गाठले ते सोडलेच नाही. डॉक्टरांनी क्षय म्हटले. पुढे अनेक वर्षांनी कागदपत्रे तपासून आमांशातून यकृताला झालेला विकार असावा, असाही तर्क निघाला. घरची पत्रे येईनात. सासूसुनेचे पटत नव्हते, आणि जानकीची पत्रे त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती. अशा एकटेपणात मान मात्र दारी आला. १९१८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले. हा मान मिळालेले ते दुसरे हिंदी. पहिले मुंबईचे अर्देशीर कर्सेटजी, १८४१ चे. त्याच वर्षी ट्रिनिटीचेही ते फेलो झाले.

मद्रास विद्यापीठाने वर्षाला २५० पौंड देऊ केले. त्यावर रामानुजननी जानेवारी १९१९ मध्ये जे पत्र लिहिले, ते ह्या चरित्रातले आमचे सर्वांत आवडते पान. ही रक्कम आपल्या गरजेहून जास्त आहे, आईवडिलांना ५० पौंड द्यावे, आणि आपला खर्च भागून उरेल ते गरीब आणि पोरक्या मुलांची फी आणि पुस्तके यांसाठी वापरावे, असा त्याचा आशय. फीवाचून ज्याचे कॉलेज सुटले, कागदावाचून ज्याने पाटी घासली, तो हे विसरला नव्हता.

२७ मार्च १९१९ रोजी ते मुंबईच्या बंदरात उतरले. आई आणि भाऊ घ्यायला आले होते. त्यांनी पहिली चौकशी केली ती जानकीची. पुढचे वर्ष दुखण्यातच गेले. जानकीने शेवटपर्यंत शुश्रूषा केली. आणि पाटी? ती सुटली नाही. १२ जानेवारी १९२० रोजी त्यांनी हार्डींना शेवटचे पत्र लिहिले. त्यात अगदी नव्या जातीची सूत्रे होती. अंगाची काडी झालेली, ताप उतरत नाही, आणि माणूस पडल्या पडल्या आकडे लिहितो आहे. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासला चेटपेट येथे त्यांनी देह ठेवला. वय अवघे बत्तीस. समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त झाले नव्हते म्हणून कर्मठ भाऊबंद बहुतेक अंत्यविधीला आले नाहीत. जगाने ज्याला मान दिला त्याला खांदा द्यायला आप्त कचरले. वाचकांनी ह्याचा विचार करावा. आम्ही अधिक बोलत नाही.

जानकीअम्माळ ह्यानंतर काही वर्षे मुंबईत भावाकडे राहिल्या, शिवणकाम शिकल्या, मद्रासला परतून स्वतःच्या हातावर जगल्या. १९९४ साली त्या वारल्या. वह्यांचे काय झाले? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली त्या जशाच्या तशा छापून काढल्या. अमेरिकेतले गणिती बर्न्ट यांनी एकेक सूत्र सिद्ध करून पाहण्यात आयुष्याची वीस-बावीस वर्षे घातली. त्याचे पाच खंड झाले. १९७६ साली शेवटच्या वर्षातले कागद ट्रिनिटीच्या ग्रंथालयात सापडले. मरणाच्या दारात लिहिलेल्या त्या सूत्रांचा खरा अर्थ उलगडायला २००२ साल उजाडले. भारत सरकारने त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला.

आता त्या शेतकरी बंधूंच्या सवालाकडे येऊ. ते हा अंक वाचतील तर त्यांना आमचे सांगणे एवढेच. नाद लागलेला प्रत्येक मुलगा रामानुजन नसतो, हे खरे. पण पारख कशी करायची ते ह्या चरित्रात आहे. शाबासकी मिळाली तर करतो आणि नाही मिळाली की सोडतो, ती हौस. कोणी बघत नसताना, पोटाला नसताना, नापास झाल्यावरही जे सुटत नाही, ते देणे. असे देणे पोरात दिसले तर त्याला इतर विषयांपुरते पासही करून घ्या, कारण जगाची दारे त्याच किल्लीने उघडतात. पण त्या पायी त्याची पाटी हिसकावू नका.

आणि उरलेल्या आम्हां साऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्या हातून रामानुजन होणे नाही. पण महिना २५ रुपये देणारे रामचंद्र राव होणे, वह्या उघडून पाहणारे रामस्वामी अय्यर होणे, परक्या मुलखातून आलेले अनोळखी पत्र रात्रभर वाचणारे हार्डी होणे, हे तुमच्याआमच्या आवाक्यातले आहे. ह्या तिघांतला एकही नसता तर त्या वह्या कुंभकोणमच्या कुठल्यातरी माळ्यावर वाळवीने खाल्ल्या असत्या. असल्या किती वह्या वाळवीने खाल्ल्या असतील, त्याची मोजदाद कोणी करायची? म्हणून आपल्या गावच्या शाळेत एखादे पोर पाटीवर मान घालून बसलेले दिसले, तर क्षणभर थांबून त्याने काय लिहिले आहे ते पाहावे, इतकीच विनंती.